आत्याबाईंचं निंदण

त्या वर्षी मी टमाटरची छत्तीस रोपं लावली होती. आत्याबाईंनी एका सकाळी ती सगळी उपटली आणि मुळं वर करून मागच्या भिंतीला ओळीनं लावून ठेवली. निंदणारी बाई गवत असंच ठेवते, मुळं उन्हाकडे, म्हणजे ते पुन्हा जमीन धरत नाही. मी दूध घेऊन परत आले तेव्हा त्या हातपाय धुऊन मागच्या पायरीवर बसल्या होत्या. नखांत अजून माती होती. चेहरा मात्र काम उरकल्याचा, समाधानी.

"झालं व बाई," त्या म्हणाल्या. "लय माजलं होतं. आता पीक धरन."

मी दुधाची पिशवी हातात घेऊन उभीच राहिले. वाफ्यात एक काडीसुद्धा उरली नव्हती.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई गोंदियाकडच्या, धानाच्या गावातल्या. सासरे तरुणपणीच भिलाईला स्टील प्लांटमध्ये लागले, आणि आत्याबाईंनी गावी राहून शेती सांभाळली. रोवणी, निंदण, कापणी, सगळं त्यांनी स्वतः उभं राहून केलं. सासरे गेले, शेती दुसऱ्याला कसायला दिली, तेव्हा कुठे त्या भिलाईत आमच्या रिसालीच्या घरी राहायला आल्या. तोवर त्या सत्तरीला टेकल्या होत्या.

घराच्या मागे एका मोठ्या खोलीएवढी मोकळी जागा होती. घर बांधताना उरलेला मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे घट्ट गोळे असं सगळं तिथे दबलेलं. मी हौसेनं तीन गुलाब लावले होते, तिन्ही मेले. आत्याबाई आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मागे गेल्या, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरून पाहिली आणि म्हणाल्या, "हे माती नोहोय. हे रस्ता होय."

मग त्यांनी आणि मी मिळून माती केली. केली असंच म्हणायला हवं, कारण ती तिथे नव्हतीच. सकाळी आम्ही दोघी पोतं घेऊन कॉलनीच्या रस्त्यांवरची पडलेली पानं गोळा करायचो. ओळखीच्या बायका पाहायच्या, मला लाज वाटायची, आत्याबाईंना नाही. शेण आणायचं, स्वयंपाकघरातलं सालपट टाकायचं, वरून पानं, वरून थोडं पाणी. खोदताना निघालेल्या विटांच्या तुकड्यांनी त्यांनी वाफ्यांचे काठ बांधले. तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा मूठभर माती हातात घेतली तर ती भुसभुशीत होती आणि तिला वास होता.

मला बागकाम त्यांनी शिकवलं. मी रोज पाणी घालायची, तर हात धरायच्या. "रोज पानी नोको देऊ. तहान लागू दे थोडी. तवाच मुळी खाली जाते." भर दुपारी पाणी घातलं की रागवायच्या, "उकडून मारतं का त्याले?" प्लांटची धूळ उडून पानांवर काळपट थर बसतो, तो त्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, दुधीचं एकेक पान तळव्यावर घेऊन, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, चवळीची बरबटी, माठाची लाल भाजी, एका कोपऱ्यात वडीसाठी धोप्याची, म्हणजे अळूची, पानं. पाच-सहा वर्षं आम्ही घरची भाजी खाल्ली. सासूसुनेचं म्हणून जे काही असतं, कुरबुरी, टोमणे, ते आमच्यातही होतं. पण मागच्या जागेत ते नसायचं. तिथे त्या सांगायच्या आणि मी करायची, एवढंच.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी छोटं. भाजीत दोनदा मीठ, गॅस चालू, चष्मा तांदळाच्या डब्यात. मग गावातली मेलेली माणसं जेवायला येणार म्हणून वाट पाहणं. मग एक दिवस मला म्हणाल्या, "तू कोनाची व?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. उत्तराची वाट पाहत राहिल्या.

डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हा मेंदूचा आजार आहे, बरा होत नाही, वाढत जातो. "इनको किसी काम में लगाए रखिए," ते म्हणाले. माझे मिस्टर प्लांटच्या रेल मिलमध्ये आहेत, रूळ बनतात तिथे, शिफ्टची नोकरी. ते त्या दिवशी सुट्टी काढून सोबत आले होते. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, "काई नाई झालं तिले. वय झालं. आपलंबी होईन." त्यानंतर कित्येक महिने त्यांनी तो विषय काढू दिला नाही. मुलगी शिकायला बाहेरगावी. घरात दिवसभर मी आणि आत्याबाई.

आत्याबाई सगळं विसरल्या, पण त्यांचे हात निंदण विसरले नाहीत. उकिडवं बसायचं, डाव्या हातानं बुंध्याशी माती दाबायची, उजव्यानं उपटायचं, झटकायचं, बाजूला ठेवायचं. फक्त पीक कुठलं आणि गवत कुठलं, हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. टमाटर गेले. मग वांग्याची रोपं. मग झेंडू. मग तुळस. मी पुन्हा लावायची, त्या पुन्हा उपटायच्या. मी काठ्या रोवून दोरी बांधली, त्यांनी दोरी सोडवून तिची नीट गुंडाळी करून ठेवली. मी सांगायची, "आत्याबाई, हे पीक होय, हे ठेवाचं." त्या मान डोलवायच्या. "हो व, पीक होय." आणि मी आत वळले की उपटायच्या.

आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, सोडून द्यायचं होतं. एवढ्याशा रोपांसाठी काय जीव टाकायचा. पण तेव्हा मला ती रोपं हवी होती. दिवसभरात माझं म्हणून जे काही उरलं होतं, ते तेवढंच होतं. त्यांना अंघोळ घालायची, कपडे बदलायचे, दहादा तेच उत्तर द्यायचं, त्या बाहेर पडू नयेत म्हणून फाटकाकडे कान ठेवायचा. पंधरा दिवस मी कुणाशी धड बोललेली नसायची. संध्याकाळी मागे जाऊन एखादं रोप दोन पानांचं चार पानांचं झालेलं दिसलं की वाटायचं, काहीतरी पुढे चाललंय.

थंडीतली गोष्ट. फुलकोबीची आठ रोपं राहिली होती. मी त्यांना तेलाच्या जुन्या डब्यांचे तळ कापून कडं घातलं होतं, त्यामुळे ती वाचली होती आणि गड्डे धरायला लागली होती. सकाळी मी कपडे धूत होते. आवाज आला म्हणून मागे गेले, तर आत्याबाई डबे काढून बाजूला रचत होत्या आणि चौथं रोप त्यांच्या हातात होतं.

मी त्यांचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, पिरगळलं. हातातलं रोप सुटेपर्यंत पिरगळत राहिले. मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे खालून पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "मारू नोको बाई. मी जातो ना माह्या घरी."

त्यांची कातडी कांद्याच्या सालासारखी झाली होती. दुपारपर्यंत मनगटावर माझी चार बोटं निळी उमटली. मी खोबरेल तेल लावलं, पुन्हा पुन्हा लावलं, जसं काही त्यानं पुसलं जाणार होतं. त्या माझ्या हातात हात देऊन शांत बसल्या होत्या. सकाळचं काहीच त्यांना आठवत नव्हतं. मला वाटलं, निदान रागवावं यांनी माझ्यावर.

मिस्टर शिफ्टवरून आले. त्यांनी पाहिलं.

"हे कायचं?"

"पलंगाले लागलं," मी म्हणाले.

ते थोडा वेळ पाहत राहिले. मग हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या दाराला कुलूप लावलं. स्वतःला सांगितलं की त्यांच्यासाठीच लावतेय. आत्याबाई दारापाशी बसल्या. दिवसभर बसल्या. फरशीच्या सांध्यांत नखं घालून उकरायच्या, चादरीचे धागे एकेक करून काढायच्या आणि ओळीनं मांडायच्या. जेवण सोडलं. घास तोंडाशी नेला की तोंड फिरवायच्या आणि म्हणायच्या, "पाऊस येऊन राहिला, निंदन तसंच पडलं."

त्याच आठवड्यात माझी नणंद येऊन त्यांना घेऊन गेली, दुर्गला, मोहन नगरात तिचा फ्लॅट आहे. "आठ-पंधरा दिवस राहू दे आईले माह्याकडं," ती म्हणाली. "तुमालेबी आराम होईन, वहिनी." मी त्यांची बॅग भरली आणि त्या गेल्यावर दार लावून पलंगावर पडले. दोन दिवस बहुतेक झोपूनच होते. पाचव्या दिवशी नणंदेचा फोन आला. आवाज रडवेला होता. आई जिन्यावर जाऊन बसते, आजूबाजूच्या सगळ्यांच्या कुंड्या रिकाम्या केल्या, लोक भांडायला येऊन राहिले. "वहिनी, मले नाई जमत. तुमीच पाहा."

त्या परत आल्या तेव्हा आणखी बारीक दिसत होत्या. मी कुलूप काढलं.

आणि मग मला ते सुचलं. कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. मी माझं सगळं लावणं बंद केलं. मागच्या जागेत चार वाफे केले आणि पहिल्या वाफ्यात मूठभर मेथी फेकली. दोन दिवसांनी दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. मेथी चौथ्या-पाचव्या दिवशी वर येते. बोटभर झाली की मी आत्याबाईंना तिथे नेऊन बसवायची.

"आत्याबाई, हे गवत माजलं पाहा."

"बाप्पा," त्या म्हणायच्या. "कोनी लक्ष देत नाई." आणि बसायच्या.

तास, दीड तास. झटकायच्या, मुळं उन्हाकडे करून ठेवायच्या. त्या उठल्या की मी माती सारखी करून पुन्हा मेथी पेरायची. सगळी उपटलेली मेथी फेकून द्यायला जीव होत नसे, तर थोडी भाजीत टाकायची. उरलेली पुन्हा मातीत. ऊन वाढलं तशी मेथी पिवळी पडायला लागली, मग मी लाल भाजी पेरली, वरून जुनी साडी बांधून सावली केली. लाल भाजीचं बी फार बारीक, वाळूत मिसळून टाकावं लागतं, नाहीतर एकाच जागी गठ्ठा उगवतो. हे आत्याबाईंनीच मला कधीतरी दाखवलं होतं.

त्या जेवायला लागल्या. दुपारी झोपायला लागल्या. शेजारच्या छत्तीसगढी काकू भिंतीवरून पाहायच्या आणि म्हणायच्या, मी चांगलं केलं. मिस्टर म्हणाले, "डोकं लावलं तू." मी मान हलवायची. खरं सांगायचं तर त्या महिन्यांइतकी निराश मी कधीच नव्हते. रोज पेरायचं ते रोज उपटलं जाण्यासाठी. रोप दोन पानांच्या पुढे कधी जायचंच नाही. पेरताना माझा हात थांबायचा. कधी कधी वाटायचं, माझंही आता असंच चाललंय. उद्याच्या उद्या तेच, परवा तेच, आणि हे संपेल तेव्हा एक माणूस गेलेलं असेल. याशिवाय संपण्याची दुसरी वाट नाही.

बाग म्हणून डोळ्यांना काहीतरी हवं म्हणून मी पावसाळ्यात हुडको कॉलनीच्या रस्त्यावरून, एका हातगाडीवाल्याकडून दोन कुंड्या आणल्या. मोठ्या पानांचं शोभेचं झाड, हिरवं, तकतकीत. समोरच्या व्हरांड्यात, आत्याबाईंच्या हाताला लागणार नाही असं वाटून, उंच स्टुलावर त्या ठेवल्या. कसलं झाड, मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी, दुपारी, पाऊस उघडला होता म्हणून मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. दहा मिनिटं, फार तर पंधरा. खाली आले तर आत्याबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात परात होती. परातीत ती मोठी पानं, देठ मोडून, शिरा सोलून, एकावर एक उलटी-सुलटी रचलेली. वडी करायला धोप्याची पानं जशी रचतात तशी. एका देठाचा तुकडा त्यांनी चावला होता. का ते मला कधी कळलं नाही. कदाचित पान खाजरं आहे की नाही ते पाहायला. पूर्वी त्या तसं करायच्या.

तोंडातून लाळ गळत होती. ओठ सुजले होते. जीभ दातांबाहेर आली होती आणि त्या दोन्ही हातांनी ती ओढून काढायला पाहत होत्या. आवाज येत नव्हता, घशातून नुसती घरघर.

मी बाहेर पळाले आणि काकूंना हाक मारली. काकूंनी आत येऊन परात पाहिली, पान हातात न घेता वाकून पाहिलं.

"ये कोचई नोहय बहिनी," त्या म्हणाल्या. आमचा धोपा म्हणजे त्यांची कोचई. "ये तो सजाए के पत्ता ए. जल्दी लेग." शोभेचं पान आहे, लवकर दवाखान्यात ने.

मिस्टरांना फोन लावला. लागला नाही. मिलमध्ये असले की फोन लॉकरमध्ये असतो. काकूंनी रस्त्यावरून ऑटो थांबवला. आम्ही दोघींनी मिळून आत्याबाईंना आत बसवलं आणि काकू घर पाहायला थांबल्या. ऑटोत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. लाळेनं माझा पदर भिजला होता. प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता आणि दोन श्वासांमधलं अंतर मला मोजता येत होतं.

इथे मला जे लिहायचं आहे ते लिहिताना हात थांबतो. एका सिग्नलला ऑटो उभा राहिला आणि पुढचा श्वास यायला जरा वेळ लागला. तेव्हा माझ्या मनात आलं, नको येऊ दे. एवढंच. तीन शब्द. त्या सुटतील, असंही नाही आलं, मी सुटेन, असंही नाही. नुसतं, नको येऊ दे. मग श्वास आला. आणि मी त्या ऑटोवाल्यावर ओरडायला लागले, "चलाओ भैया, चलाओ," इतक्या जोरात की शेजारच्या गाडीतली माणसं वळून पाहायला लागली.

हॉस्पिटलमध्ये नर्सनं विचारलं, "क्या खाया है माताजी ने?" मी येताना एक पान पिशवीत घालून आणलं होतं, ते काकूंनी सुचवलं होतं. त्याचा उपयोग झाला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, श्वासाची नळी तयार ठेवली. ती लागली नाही. संध्याकाळपर्यंत घरघर कमी झाली.

मिस्टर तसेच प्लांटमधून आले, निळ्या ड्रेसमध्ये, हेल्मेट हातात. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू कुठी होती?"

"गच्चीवर. कपडे टाकून राहिली होती."

"आणि ते झाड कोनी आनलं?"

"मी."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. समोरून ट्रॉल्या जात होत्या. खूप वेळानं मी म्हणाले, "हिवाळ्यात त्याईच्या हाताले जे लागलं होतं ना, ते पलंगाचं नोहतं. मी पिरगळला होता हात."

"माहीत आहे मले."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"बोटं दिसून राहिली होती," ते म्हणाले. "चार. पलंगाले बोटं नसतात."

"मंग बोलले कावून नाई?"

त्यांनी हेल्मेट मांडीवर घेतलं, त्याचा पट्टा उलगडला, पुन्हा गुंडाळला. "बोललो असतो त तू म्हनली असती, तुमी सांभाळा. आणि मी काय सांभाळन? मले घरीच येवाची इच्छा होत नाई. पाच-सहा महिने झाले, मी ओव्हरटाइम मागून मागून घेऊन राहिलो. लोकं म्हनतात, याले पैशाची हाव सुटली. मले भेव वाटते तिच्या तोंडाकडं पाहाले. ती मले तिचा भाऊ समजते."

ते रडले नाहीत. मीही नाही. आम्ही दोघं त्या बाकावर, शाळेतून हाकललेल्या पोरांसारखे बसून होतो. वीस-बावीस वर्षांच्या संसारात एवढं खरं आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो, आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. मी त्यांना मनगटाचं सांगितलं. ऑटोतलं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंना घरी आणलं. सूज उतरली होती. पण त्यांनी बोलणं जवळजवळ बंद केलं. डॉक्टर म्हणाले, त्या पानामुळे नाही, आजारच पुढच्या पायरीवर गेला असेल. असेल. मला मात्र ते पटवून घेता आलं नाही. माझ्या हातचा घास घेत नव्हत्या. ओठ घट्ट मिटायच्या. मिस्टरांनी घास दिला तर कधी घ्यायच्या. त्यांनी ओव्हरटाइम बंद केला, साहेबांना विनंती करून जनरल शिफ्ट मागून घेतली, आणि रात्रीचं जेवण ते स्वतः भरवायला लागले. एक घास, मग थांबायचं, मग एक घास. अर्धी पोळी जायला तास लागायचा. मोठ्या हातांचा माणूस, सगळं आयुष्य लोखंडाशी गेलेला, पण त्यानं ते केलं.

मी लाल भाजी पेरत राहिले. ती वर आली, बोटभर झाली. मी आत्याबाईंना धरून वाफ्यापाशी नेलं, खाली बसवलं, म्हटलं, "आत्याबाई, गवत पाहा किती माजलं." त्यांनी हात मांडीवर ठेवले होते. वाफ्याकडे पाहिलं. मी त्यांचा उजवा हात धरून एका रोपावर ठेवला. बोटं वळली नाहीत. मी स्वतः एक उपटून दाखवलं, झटकलं, बाजूला ठेवलं. मग दुसरं. मग मी एकटीच तो सगळा वाफा उपटला, आणि त्या शेजारी बसून माझ्या हातांकडे पाहत होत्या.

जे थांबावं असं मला वर्षभर वाटत होतं, ते थांबलं होतं. आता त्यांनी माझी सगळी बाग उपटून टाकली असती तरी मी पाया पडले असते.

त्या माघात गेल्या. दुपारी, झोपेत. मी बाजूच्या खोलीत तांदूळ निवडत होते. जाऊन पाहिलं तेव्हा हात गार होता. मी त्यांची नखं पाहिली. स्वच्छ होती. कित्येक महिन्यांत मातीत गेली नव्हती. आधी तेच पाहिलं, मग मिस्टरांना फोन केला.

उन्हाळा लागायच्या आधी मिस्टर म्हणाले, "मागं फरशी टाकून घेऊ का? तुले पाहून पाहून त्रासच होईन." मी हो म्हणाले. मिस्त्री आला, त्यानं एका बाजूनं काम सुरू केलं. दहा-एक वर्षांची माती त्यानं तगारीत भरून बाहेर काढली. काळी, भुसभुशीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, फेकू नका, आम्हाला द्या. मी दिली. अर्ध्या जागेवर सिमेंट झालं. दुसऱ्या अर्ध्याचं काम मी थांबवलं. का, ते मिस्त्रीलाही सांगता आलं नाही, मिस्टरांनाही नाही. त्यांनी विचारलंही नाही.

ओळखीच्या बायका अजून मला बागेचं विचारतात, माझ्याकडे पूर्वी फार छान भाजी व्हायची म्हणून. मी सांगते, घरात कुठलंही झाड आणाल तर आधी त्याचं नाव विचारा. देठ चावलं तर काय होतं ते विचारा. घरात म्हातारं माणूस असो, लहान मूल असो, विचाराच. त्या हो हो म्हणतात आणि खताबद्दल पुढचा प्रश्न करतात. माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच आहे. बाकीचं जे मी शिकले, म्हणजे कंटाळलेल्या माणसाच्या हातात किती जोर असतो, ते भाजीच्या गप्पांमध्ये सांगता येत नाही.

आता संध्याकाळी आम्ही दोघं त्या सिमेंटवर खुर्च्या टाकून चहा पितो. दिवसभराची उष्णता खालून पायांना लागते. उरलेली अर्धी जागा समोर असते, कोरडी, भेगा पडलेली. परवा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "काई लावतं का तिथी?"

मी त्या भेगांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मले नाई माहीत."

त्यांनी कप उचलला, माझाही उचलला आणि आत धुवायला नेला. मी तिथेच बसून राहिले.